बगळ्याची फरशी

१

वाळूचा शेवटचा थर झाडून झाला आणि जमलेल्या लोकांच्या तोंडचं पाणी पळालं. खाली बगळा नव्हता.

हा बगळा म्हणजे त्या गावाचा जीव की प्राण. गावाच्या मधोमध एका टेकाडावर हजारो वर्षांपूर्वीच्या इमारतीचे अवशेष होते. भिंती गुडघ्याएवढ्या उरलेल्या, वर छप्पर म्हणून ठोकलेले पत्रे, पण एका दालनाची जमीन मात्र धडधाकट. रंगीत दगडाचे बारीक खडे चुन्यात एकाला एक बसवून कुण्या जुन्या कारागिराने तिथे नदी काढली होती, नदीत मासे सोडले होते आणि मधोमध एका पायावर बगळा उभा केला होता. गावातल्या प्रत्येकाने लहानपणी त्या बगळ्यासारखं एका पायावर उभं राहून पाहिलेलं आणि पडून गुडघे फोडून घेतलेले.

मग लढाई झाली. ती बाहेरच्या कुणाशी असती तर एक वेळ परवडली असती. इथे वरची आळी आणि खालची आळी एकमेकींच्या जिवावर उठल्या आणि बगळा सापडला बरोबर दोघींच्या मधे. पुराणवस्तू खात्याच्या माणसांनी जाता जाता त्याच्यावर वाळू पसरली, फाटकाची किल्ली राखणदाराच्या हातात कोंबली आणि पोबारा केला.

आता बंदुका थंडावल्या होत्या. त्या जागेची देखभाल दोन्ही आळ्यांनी मिळून करायची, म्हणून एक समिती झाली होती. लढाईनंतर दोघींनी मिळून काही करायचं ठरवलं, ते हे पहिलंच. वाळू काढायलाही दोन्हीकडची माणसं खांद्याला खांदा लावून उभी राहिली होती, थट्टामस्करी चालली होती. आणि वाळूखाली निघाला नुसता पांढरा चुना.

"विकलास ना रे?" खालच्या आळीतून कुणीतरी ओरडलं. "किल्ली तुझ्याकडेच होती!"

राखणदार वरच्या आळीचा. त्याच्या बाजूने चार जण बाह्या सरसावून पुढे झाले, समोरून आठ आले. पोलिसांनी राखणदाराला उचललं ते संशयाने आणि थोडंफार त्याचा जीव वाचावा म्हणूनही. तेवढ्यात लोकांना आठवलं, की सकाळपासून हा माणूस खात्याच्या संचालकांच्या मागे लागला होता, "साहेब, आधी तुमचा ट्रक जाऊ द्या, मग उघडू."

चौकीत फौजदाराने सरळच विचारलं, "चोरी तू केलीस?"

"तसं लिहा," राखणदार म्हणाला.

२

हे सगळं संचालकांनी तपासनीस बाईंना ऐकवलं ते टेकाड चढता चढता. बाई राजधानीतून सकाळीच आल्या होत्या. चोरीला गेलेल्या मूर्ती, नाणी, चित्रं हुडकण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. केस पांढरे, गुडघे कुरकुरणारे, तोंडात कायम पेपरमिंटची गोळी. आणि बसल्याशिवाय त्यांना काही सुचत नसे.

दालनाच्या दाराशी दगडी उंबरा होता. बाई त्यावर आत पाय सोडून बसल्या, पण गुडघे पार हनुवटीपाशी आले. "हे गुडघे एक दिवस माझा जीव घेणार," असं पुटपुटत त्या उठल्या आणि खाली जमिनीवरच त्यांनी बैठक मारली. मग चुन्यावरून तळहात फिरवायला लागल्या.

"उद्या सकाळी आमचा ट्रक परत जातोय," संचालक म्हणाले. माणूस तसा सज्जन, पण घाईत जन्मलेला. "त्याच्याबरोबर आरोपीलाही राजधानीत पाठवतोय. एकदा तो तिथल्या तुरुंगात गेला, की वर्षानुवर्षं सुटका नाही."

"ट्रक कशाला आणला होता तुम्ही?"

संचालक जरा घुटमळले. "फरशी तुकड्यांनी उचलून संग्रहालयात न्यायचं ठरलंय. तिच्याच सुरक्षिततेसाठी. पेट्यासुद्धा तयार आहेत."

"समितीला माहीत आहे?"

"उघडल्यावर सांगणार होतो."

 बाईंचा तळहात अजून फिरतच होता. चुना कसा, घोटून घोटून केलेला. खड्यांची फरशी चोरणारे तिच्यावर कापड चिकटवतात आणि कापडासकट खडे ओरबाडून काढतात. खाली मग खड्याखड्याचा खळगा राहतो, एखादा दात पडल्यावर हिरडीला राहावा तसा. अशा खळग्यांवरून हात फिरवून बाईंचे तळवे झिजले होते. इथे एकही खळगा नव्हता.

"कमाल आहे," त्या म्हणाल्या. "चोर फरशी घेऊन गेला आणि जाताना घर सारवून गेला!"

३

चौकीतल्या कोठडीत राखणदार भिंतीला टेकून बसला होता. उंच, हाडकुळा, दाढीचे खुंट वाढलेले. बाईंनी त्याच्यापुढे पेपरमिंटची पुडी धरली. त्याने एक गोळी घेतली आणि आभार मानले.

"लढाईच्या दिवसांत फाटकाला कुणी हात लावला?"

"सगळ्यांनीच लावला. बंदूकवाले दोन्हीकडचे यायचे, फावड्याने वाळू उपसून बघायचे. खाली काही नाही म्हणत मला शिव्या घालून जायचे."

"खाली काही नाही, असं त्यांना दिसलं होतं?"

राखणदाराने गोळी या गालातून त्या गालात सरकवली. "मला झोप आलीय बाई."

त्याचं घर वरच्या आळीच्या टोकाला होतं. बायकोने दार उघडलं, बाईंना खुर्ची दिली आणि स्वतः उभी राहिली. एरवी नवरा कोठडीत असलेल्या बायकोचे डोळे रडून सुजलेले असतात. हिचे डोळे कोरडे होते आणि जबडा घट्ट आवळलेला होता.

"माझं माहेर खालच्या आळीत," ती म्हणाली. "माझा धाकटा भाऊ तिथला गवंडी. लढाईपासून तो आणि हे एकमेकांचं तोंड बघत नाहीत. भर चौकात एकमेकांचा उद्धार करतात. सगळं गाव साक्षीला आहे."

"आणि तुम्ही?"

"मी मधली. दोन्हीकडचं ऐकून घ्यायचं." तिने खिडकीकडे तोंड केलं. "पाण्याच्या वेळी तेवढी भेट व्हायची भावाची."

टेकाडाखालच्या विहिरीवर दोन्ही आळ्यांचा जीव होता. म्हणून दुपारी थोडा वेळ गोळीबार थांबायचा आणि दोन्हीकडची माणसं डबे घेऊन रांगेला लागायची, हे तिने समजावून सांगितलं.

"नवऱ्यावर विश्वास आहे तुमचा?"

"खात्याचा एक ट्रक लढाईच्या सुरुवातीलाही आला होता बाई. टेकाडावरच्या कोठारातली दगडी मुंडकी सुरक्षित ठेवतो म्हणून घेऊन गेला. ती आजतागायत कुणाला दिसली नाहीत. विश्वासाचं मला नका विचारू, त्यांना विचारा."

बाई निघाल्या. दाराशी पत्र्याच्या डब्यांत फुलझाडं लावली होती. पाण्याचे जुने डबे, काठापर्यंत पांढरे झालेले. विहिरीचं पाणी जड असेल, असं म्हणून बाई पुढे गेल्या, थांबल्या आणि परत आल्या. डब्याच्या आतल्या पांढऱ्या थरावर त्यांनी नख मारलं. बोटभर जाड खपली निघाली. पाण्याने एवढा थर साचायला दहा जन्म लागले असते.

खिडकीचा पडदा हलला आणि राखणदाराच्या बायकोने पहिल्यांदाच घाबऱ्या आवाजात विचारलं, "बाई, ट्रक गेला का हो?"

४

खालच्या आळीतली शाळा पुन्हा बांधली जात होती. मुख्याध्यापिका एका मोडक्या पायाच्या टेबलामागे बसल्या होत्या. पूर्वी दोन्ही आळ्यांची मुलं त्यांच्याच हाताखालून गेलेली.

"राखणदार चोर असेल तर मी राजीनामा देते," त्या म्हणाल्या. "पण आज सकाळी आमच्या वर्गाच्या खिडकीवर दगड आला बरं का. काल वरच्या आळीवर गेला होता. ती समिती दोन दिवस टिकली तर नशीब."

त्यांच्या मागे भिंतीवर वर्गाचा एक जुना फोटो होता. बगळ्याच्या दालनात काढलेला. उंबऱ्यावर मुलं ओळीने बसलेली, आणि जवळजवळ सगळ्यांचे पाय आतल्या बाजूला अधांतरी लोंबकळणारे.

"ही कोपऱ्यातली राखणदाराची बायको," मुख्याध्यापिकांनी बोट ठेवलं. "आणि तिच्या शेजारचा उंच मुलगा आमचा गवंडी. वयाने धाकटा, पण तेव्हाच ताडमाड. बाकीच्यांचे नाही, पण याचे पाय जेमतेम टेकायचे."

बाई फोटोकडे बघत राहिल्या. तोंडातली गोळी चघळायच्या त्या थांबल्या. मग त्यांनी अचानक विचारलं, "हा गवंडी कुठे भेटेल?"

"कुठे म्हणजे? मागची भिंत बांधतोय."

गवंडी खरोखरच ताडमाड होता. थापीने भिंतीला गिलावा लावत होता आणि लावून झालेल्या भागाकडे एक डोळा मिटून बघत होता.

"दाजींचं नाव माझ्यापुढे काढू नका," त्याने आधीच सांगून टाकलं. "लढाई लागल्यापासून त्या दालनात मी पाऊल टाकलेलं नाही. परवा सगळं गाव गेलं, मी गेलो नाही."

"बरं, राहिलं. तुम्ही कामातले जाणकार म्हणून एक विचारते." बाईंनी विटांच्या ढिगावर बसकण मारली. "तिथला चुना पाहिला मी. अगदीच गबाळं काम हो. जागोजागी भेगा, सांधे उघडे पडलेले. कुणा शिकाऊ पोराने थापल्यासारखं."

"सांधे?" गवंडी गर्रकन वळला. "सांधे दिसणं शक्यच नाही! रोज जरा जरा करून घातलेला चुना आहे तो, तरी जोड कुठे आहे ते दाखवा म्हणावं, मी..."

बोलता बोलता त्याचा आवाज विझला. थापीवरचा गिलावा त्याच्याच पायावर पडला.

"नाहीच दिसत सांधे," बाई मऊ आवाजात म्हणाल्या. "फार सुंदर काम आहे."

५

त्या दिवशी उरलेला वेळ बाईंनी विश्रामगृहाच्या खोलीत येरझारा घालण्यात काढला. कोडं सुटलं होतं, पण त्या पेचात सापडल्या होत्या.

उत्तर संचालकांना सांगावं, तर राखणदार सुटेल आणि बगळा पेट्यांत भरला जाईल. न सांगावं, तर बगळा वाचेल आणि एक प्रामाणिक माणूस चोर म्हणून तुरुंगात जाईल. राखणदाराने यातलं एक निवडून टाकलं होतं. 'तसं लिहा,' असं म्हणून त्याने आपलं नाव मातीत घातलं होतं, आणि तेही न चिडता. बाईंनी चोर पुष्कळ पाहिले होते. असा माणूस पाहिला नव्हता. त्याला चोर म्हणवून घ्यायची पाळी यावी याचा त्यांना मनापासून राग आला, आणि त्या रागातच त्या खाटेवर बसल्या तेव्हा त्यांना वाट सुचली.

सकाळी त्यांनी फौजदाराला निरोप दिला. आरोपीला ट्रकमध्ये बसवण्याआधी टेकाडावर आणा, आणि दोन्ही आळ्यांत दवंडी पिटा, की यायचं असेल त्याने यावं.

सगळेच आले. वरचे एका बाजूला, खालचे दुसऱ्या बाजूला, मधे पोलीस. राखणदाराने बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ओळखलं. त्याने हलकेच मान हलवली. नको.

"साहेब," बाईंनी संचालकांना सगळ्यांदेखत विचारलं, "समजा, फरशी आत्ता सापडली. तिचं काय करणार?"

"ठरल्याप्रमाणे पेट्यांत भरून राजधानीला नेणार. ट्रक उभाच आहे."

 वरच्या आळीतून एक म्हातारी कडाडली, "कुणाला विचारून?"

"आम्हाला न विचारता?" खालच्या आळीतून दुसरी तिच्यापेक्षा मोठ्याने ओरडली. "बगळा आमचा आहे!"

"आमचा म्हणजे दोघींचा!" पहिलीने तिला दुरुस्त केलं, आणि दोघी मिळून संचालकांवर तुटून पडल्या. बघता बघता दोन्ही बाजूंची माणसं एकाच बाजूला आली. मधले पोलीस कुणाला आवरावं या विचारात पडले.

राखणदार हे सगळं बघत होता. बाईंनी पुन्हा त्याच्याकडे पाहिलं. या वेळी त्याने मान हलवली नाही.

६

"चोरी झालेलीच नाही," बाई म्हणाल्या. त्या उंबऱ्यावर बसल्या होत्या. "या उंबऱ्यावर बसलं की माझे गुडघे हनुवटीला लागतात. काल मी गुडघ्यांनाच बोल लावला. पण शाळेतल्या फोटोत याच उंबऱ्यावर बसलेल्या मुलांचे पाय लोंबकळताहेत. उंबरा खाली गेला नाही. जमीन वर आलीय."

लोक जमिनीकडे बघायला लागले.

"खडे ओरबाडले असते तर खाली खळगे दिसले असते. इथे सगळं गुळगुळीत, कारण या चुन्यावर कधी खडे बसलेच नव्हते. कुणीतरी बगळ्यावर वाळूचा थर पुन्हा नीट घालून त्याच्यावर ही खोटी जमीन केली आणि पुन्हा वर वाळू पसरली. बंदूकवाले आले, त्यांनी वाळू उपसली, खाली कोरा चुना पाहिला. आपल्या आधीच कुणीतरी हात मारला, असं समजून ते शिव्या घालत गेले. तुम्हीही त्या दिवशी तसंच समजलात, आणि साहेबही."

"चुना कुठून आला?" संचालकांनी विचारलं.

"पाण्याच्या डब्यांतून. खालच्या आळीतून डबा यायचा चुन्याने भरलेला आणि रांगेत वरच्या आळीच्या पाण्याच्या डब्याशी बदलायचा. गोळीबार थांबायचा तेवढ्या वेळात राखणदार फाटक उघडं ठेवायचा, एक गवंडी या दालनात शिरायचा आणि थोडं थोडं काम उरकायचा. दोघांपैकी कुणाच्याही आळीला कळलं असतं तर दोघांनाही गद्दार म्हणून गोळी घातली असती. म्हणून चौकात उभं राहून एकमेकांचा उद्धार करायचा, आणि निरोप न्यायचे तिने." बाईंनी राखणदाराच्या बायकोकडे बोट दाखवलं. "बायकांनी रांगेत पाहिलं नसेल का त्यांना?"

खालच्या आळीतल्या एकीने मान खाली घातली. "आम्हाला वाटायचं, भाऊ बहिणीला भेटतोय. म्हणून आडोसा करून उभ्या राहायचो."

"आम्हीपण," वरच्या आळीतून आवाज आला.

गर्दीतून गवंडी पुढे आला. कुणाशी काही न बोलता तो कोपऱ्यात बसला आणि छिन्नीने चुना उकलायला लागला. खालून वाळू निघाली. वाळूखालून जांभळ्या फुलांची एक चादर निघाली.

"माझी चादर!" राखणदाराची बायको म्हणाली. "चांगल्यातली होती!"

गवंड्याने चादरीचा कोपरा उचलला. खाली नदी होती, आणि नदीत एक मासा. हिरव्या खड्यांचा, ओला असल्यासारखा लखलखणारा. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बायका खाली बसल्या, दोन्हीकडच्या, आणि ओंजळींनी वाळू बाजूला करायला लागल्या. पुरुष त्यांच्यामागे बसले. फौजदारानेही टोपी काढून ठेवली आणि वाळूत हात घातला.

संचालक उभेच होते.  मग म्हणाले, "आमच्या खात्याला हे जमलं नसतं."

"नव्हतंच जमलं," बाई म्हणाल्या. "मुंडकी अजून सापडायची आहेत. त्यांच्या मागे मी लागेन. पण बगळ्याचं तुम्ही सांगा."

संचालकांनी खांद्याला खांदा लावून बसलेल्या त्या माणसांकडे पाहिलं. पेट्या उचलायला सांगितल्या असत्या तर यातला एक हात पुढे आला नसता, हे त्यांनाही कळत होतं. पण त्यांचा चेहरा पडलेला नव्हता, उलट उजळला होता. सज्जन माणूस होता, घाई तेवढी गेली होती.

"ट्रक रिकामा जाऊ दे," ते ड्रायव्हरला म्हणाले. "बगळा समितीच्या ताब्यात इथेच राहील. तसं मी वर कळवतो. काय शिकवायचं ते आमची माणसं इथे येऊन शिकवतील. आणि शिकतीलही." मग ते फौजदाराकडे वळले. "त्यांच्या हातातल्या बेड्या काढा आधी."

बेड्या निघाल्या. राखणदार मनगटं चोळत दालनाच्या बाहेरच उभा राहिला. गवंडी हात झटकत उठला आणि बाहेर आला. इतकी वर्षं फक्त शिव्या देण्यापुरते समोरासमोर आलेले ते दोघे आता हातभर अंतरावर उभे होते आणि दोघांनाही कुठे बघावं कळत नव्हतं.

बायकोने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"आता तुमचं तुम्ही बोला," ती म्हणाली. "मी निरोप नेणार नाही." आणि ती आत, वाळू उपसायला निघून गेली.

गवंड्याने घसा खाकरला. एवढ्या वर्षांचं बोलायचं साठलेलं, पण त्यातलं एकही त्याला आठवेना.

"दाजी," तो म्हणाला, "कसे आहात?"

आणि कोठडीत न रडलेला राखणदार सगळ्या गावासमोर ओक्साबोक्शी रडायला लागला.